ओल्या डहाळ्या

शिमगा सरला की धाकू रखवालदाराचा पाय घरात ठरत नसे. हातातला घास तसाच धरून तो डोंगराकडे बघत राही. डोंगर कुठं पळून चाललाय का, असं बायको लक्ष्मी विचारी, तोवर हा वहाणा चढवून बाहेर पडलेला असे.

माणूस मूळचा कोलशेतचा, खाडीकाठचा. सरकारनं येऊरचं जंगल राखीव केलं आणि पितळी बिल्ला नि लाठी देऊन त्याला तिथं नेमलं. चोरटी तोड धरायची, राखीव हद्दीतली गुरं हाकलायची, उन्हाळ्यात वणवा पुढं सरकू नये म्हणून जाळपट्टा झाडून ठेवायचा. ही कामं त्याला जमत. जड जाई ते पायथ्याच्या वारल्यांना अडवणं. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजायला त्यांना झाडांच्या डहाळ्या लागत, आणि नवा हुकूम होता की ओल्या झाडाला कोयता लावायचा नाही. त्या हुकमापायीच त्यानं पाड्यावरच्या भिवाचा कोयता जप्त करून कचेरीत जमा केला होता. तेव्हापासून पाड्यावर त्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नव्हतं.

एका दुपारी घोडबंदरच्या अंगानं धूर उठला. वारा जोराचा, उतारावर पाचोळ्याचा थर. जाळ सरसर पाड्याकडे येऊ लागला. एकट्यानं आवरण्यातला तो नव्हता. धाकू काट्याकुट्यांतून धावत पाड्यावर गेला.

भिवा ओट्यावर बसला होता. धाकूनं धापा टाकत सगळं सांगितलं, तरी तो हलला नाही.

"जंगल सरकारचं," तो म्हणाला. "सरकारच विझवंल."

तेवढ्यात भिवाची बहीण सोमी झोपडीतून बाहेर आली. जंगल कुणाचंही असो, आपली छपरं गवताचीच आहेत, असं तिनं भावाला सुनावलं. मग धाकूकडे वळली.

"जाळ झोडपायला वल्या डहाळ्या लागतील. तोडायच्या का?"

धाकूचा हात नकळत बिल्ल्यावर गेला.

"तोडा," तो म्हणाला. "मी सांगतोय."

"कोयता तर तुझ्याच कचेरीत हाय," म्हणत भिवा उठला आणि त्यानं हातानंच पहिली फांदी मोडली. मग सगळा पाडा निघाला. दिवस कलेपर्यंत माणसं जाळ झोडपत होती. जाळपट्ट्याशी येऊन जाळ विझला, तेव्हा धाकूच्या भुवया जळाल्या होत्या. सोमीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला.

दुसऱ्या दिवशी रेंजर घोड्यावरून आला. जळालेल्या उतारापेक्षा त्याचं लक्ष मोडलेल्या झाडांवर जास्त गेलं. कुणी तोडली, त्यांची नावं त्यानं मागितली.

"मीच तोडली, साहेब."

"एवढी सगळी?"

"व्हय. सगळी."

नोकरी राहिली, पण त्याची बदली कल्याणपलीकडे मलंगच्या रानात झाली. जाण्याआधी भिवाचा कोयता सोडवायला तो कचेरीत गेला. तिथं त्याला दारातूनच परत पाठवलं. ती रुखरुख घेऊनच तो निघाला.

नव्या जागी भांडीकुंडी लागायच्या आत त्यानं वाड्या पालथ्या घातल्या. धूर दिसला तर कुणाची वाट बघू नका, डहाळ्या मोडा आणि नाव माझं सांगा, असं तो दारोदार सांगत सुटला. बिल्लेवाल्याची ही काय नवी चाल, म्हणून लोक एकमेकांकडे बघत राहिले. धाकू मात्र पुढच्या वाडीच्या वाटेला लागलाही होता.