दर्शनाला बसवलेली सोलर पॅनेल

“दक्षिणेकडे तोंड? म्हणजे यमाकडे? आपल्या सोसायटीत नाही चालणार!”

सेक्रेटरीकाका सोलर पॅनेल बसवायला आलेल्या फिटरला सुनावत होते. मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आले होते, ती दोरीवरच्या चादरीमागेच थांबले. असं मागे थांबणं मला छान जमतं.

काकांना पॅनेल पूर्वेकडे हवी होती आणि तीही जवळजवळ उभी. “सूर्यनारायण उगवले की समोरासमोर दर्शन व्हायला पाहिजे.” काकांसोबत गच्चीवर आलेल्या, महाप्याला आयटीत असलेल्या शेजाऱ्याने लगेच मोबाइलमधलं होकायंत्र काढून पूर्व शोधून दिली. कामोठ्यात सूर्य रोज कुठून वर येतो ते या गच्चीवरून कुणालाही दिसतं, पण मोबाइलने दुजोरा दिल्यावर दोघांचीही खात्री पटली.

फिटरने खांदे उडवले. “कंपनी साउथ बोलते. तुमी म्हनाल तिकडं फिरवतो, काका. आपल्याला काय टेन्शन?”

टेन्शन आमच्या घरात होतं. बिल वाढलं म्हणून कमिटीने दुपारची लिफ्ट बंद ठेवली होती. सोलरची वीज पुरेशी आली तरच ती सुरू होणार होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिची फिजिओथेरपी दुपारी, आम्ही चौथ्या मजल्यावर. आठवडाभर ती गेलीच नव्हती आणि पाय आखडायला लागला होता.

उन्हाचं हे सगळं मी कॉलेजात शिकले होते, पण इंग्रजीत. सकाळचं ऊन तिरपं येतं, हवेच्या जाड थरातून आणि धुळीतून गाळलं जाऊन येतं. फोटोला सुंदर, विजेला दरिद्री. खरा जोर दुपारच्या उन्हात. आणि पावसाळा सुरू होण्याच्या आगेमागेचे काही आठवडे सोडले, तर आपल्याकडे दुपारचा सूर्य दक्षिणेकडेच कललेला असतो. तेव्हा काकांची पॅनेल त्याला पाठ दाखवून बसणार. शिवाय दर्शन तरी कसलं? आपल्यापर्यंत पोचणारा उजेड सूर्यावरून आठ मिनिटं आधीच निघालेला असतो. म्हणजे देव शिळाच दिसणार.

मनात मी फार हुशार बोलते. मीटिंगमध्ये तोंड उघडलं, की काकू लोक कौतुकाने मान कलती करतात: “इंग्लिश मीडियम ना, किती गोड मराठी बोलते!” मग मुद्दा तिथेच मरतो.

फिटरने ड्रिल मशीन सुरू केलं. पहिलं भोक पडलं की नंतर कोण बदलणार होतं? भर दुपार होती, थंडीचे दिवस. काकांची सावली त्यांच्या पायांपासून थेट उत्तरेकडे पसरली होती आणि ते तिच्यावरच उभे राहून दिशा शिकवत होते.

मी चादर बाजूला केली.

“काका, जरा खाली बघा. तुमची सावली उत्तरेला पडलीय, म्हणजे सूर्य दक्षिणेला आहे. तरी पॅनेल पूर्वेलाच हवी असतील तर बसवा, पण मग उद्यापासून आईला उचलून चार जिने तुम्ही उतरवायचं.”