एका खोलीत दोन ओटे

सासऱ्यांनी दुसरा ओटा पाहिला आणि चहाचा भरलेला कप तसाच खाली ठेवला. ओटा कसला, नुसत्या फक्कीच्या रेषा. नव्या घराचा स्लॅब टाकून झाला होता, आतल्या भिंती उभ्या होत्या, आणि स्वयंपाकघरात कुठे काय यायचं ते गवंड्याला कळावं म्हणून मी सकाळीच जमिनीवर पांढरी फक्की सोडून आखून ठेवलं होतं. खिडकीखाली एक ओटा, त्यावर शेगडी. समोरच्या भिंतीला दुसरा ओटा, त्यावर दुसरी शेगडी. मामा, म्हणजे माझे सासरे, दोन्हींच्या मधे उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"दोन कशाला?"

"कामाला बरं पडतं, मामा."

"एका घरात दोन चुली," एवढंच म्हणाले आणि गोठ्याकडे निघून गेले.

ते काय समजले ते माझ्या लगेच ध्यानात आलं, आणि डोक्यात तिडीक गेली. आमच्या बेलापूरकडच्या खेड्यांत भाऊ वेगळे झाले असं कुणी थेट बोलत नाही. त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या म्हणतात. शेताची मोजणी, कागद, बांध, ते सगळं मागाहून होतं. पहिली पेटते ती दुसरी चूल. पण माझं डोकं भाकरीत होतं, वाटणीत नव्हतं.

आमचं जुनं स्वयंपाकघर म्हणजे बोळ. एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला मोरी, आणि मधे गोठ्याकडे जायचं दार. सासूबाई गेल्यापासून घरातलं सगळं माझ्याकडे आलं, आणि हाताखाली धाकटी जाऊ. दोघी त्या बोळात पाठीला पाठ घासत फिरायचो. शेगडीला बर्नर दोनच. एकावर भाकरीचा तवा चढला की तो काही लवकर उतरत नाही. उरलेल्या एकावर कालवण, चहा, दूध, पोरांचे डबे, सगळ्यांची रांग. त्यात दीर दुधाचे कॅन घेऊन मधल्या दारातून घुसायचे, "सरका, सरका" करत. गेल्या हिवाळ्यात असंच एकदा सरकताना मी परात घेऊन वळले आणि जाऊ उकळत्या चहाचं पातेलं घेऊन वळली. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. दोष तिचा नव्हता, माझाही नव्हता. दोष त्या खोलीचा होता. नव्या घरात हे होऊ द्यायचं नाही, असं मी तिच्या हाताला मलम लावता लावताच ठरवलं.

शिर्डीला माझ्या मावसभावाचं छोटं हॉटेल आहे. त्याच्या भटारखान्यात मी एक अख्खी दुपार स्टूल टाकून बसले. धुणारा एका कोपऱ्यात. चिरणारा त्याला लागून, कारण धुतलेली भाजी तिथेच हाताशी पाहिजे. पोळ्या करणारी बाई वेगळ्या शेगडीवर, आपल्या पिठासकट. भाजी करणारा मसाल्यांजवळ. जेवणाची गर्दी उसळली तरी कुणी कुणाच्या वाटेत येत नव्हतं. मावसभाऊ हसत होता की ही जेवायला आली का तपासणीला. हसू दे. मी तीच मांडणी आमच्या घराला लावली: भाकरीचा ओटा वेगळा, कालवणाचा वेगळा, मोरी चिरायच्या जागेला लागून, आणि कॅन न्यायला बाहेरून दार.

इतकी साधी गोष्ट. पण संध्याकाळी माझे मालक दूध घालायला गेले तर डेअरीवर दोघांनी विचारलं, वाटण्या कधी करताय. गवंड्याचं तोंड काही बंद राहिलं नव्हतं.

त्या रात्री सगळे जेवायला बसलो. दोघे भाऊ एकमेकांकडे बघेनात. मामांनी एक घास खाल्ला आणि ताट पुढे सरकवलं.

"माझी वाटनी कुनाकडं?"

 मग सांगितलं, ताटाकडे बघत. त्यांच्या थोरल्या भावाच्या बायकोनं अशीच दुसरी चूल मांडली होती, आई म्हातारी झाली, तिला धूर सोसत नाही म्हणून. "आदी चूल आली. मंग मधी पडदा आला. मंग भित आली. माझी आई एक म्हयना हिकडं, एक म्हयना तिकडं जेवायची. मरताना कुनाच्या पाळीची हुती यावरून भांडनं झाली."

ऐकून वाईट वाटलं. पण राग काही गेला नाही. मी म्हणाले, "मामा, ही चूल तशी न्हाई. हिचा हात भाजला तवा तुमी सगळे हळहळलात ना? मग तो परत भाजू नये म्हणून आखलंय मी." जाऊ माझ्या शेजारी बसली होती. खाली मान घालून भाकरीचा एकच तुकडा कुस्करत होती. मला वाटलं, घाबरली.

जेवणं उरकल्यावर मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक वटा पुसून टाक. उद्या गवंडी विटा लावनार. एकदा बांदला की बांदला. म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लावू नको."

"मी पुसणार न्हाई," मी म्हणाले. "तुमी कधी त्या बोळात भाकरी थापल्या?"

सकाळी गवंडी यायच्या आत मी सगळं सामान उचलून नव्या घरात नेलं. परात, तवा, पातेली, पाटा, रिकामे कॅन. विटांवर फळ्या टाकून रेषांच्या जागी दोन ओटे उभे केले. मामांना बोलावून सिमेंटच्या गोणीवर बसवलं. आले, पण तोंड फिरवून. दोघे भाऊ दाराशी उभे.

"बघा आता," मी म्हणाले आणि पदर खोचला. नसलेल्या पिठाची भाकरी थापायला लागले.  हसलं कुणी तर रडू फुटेल असं वाटत होतं. कुणी हसलं नाही. "चहा टाक," मी जावेला सांगितलं. तिनं समोरच्या ओट्यावर पातेलं ठेवलं. "आता वांगी धू. चीर. आता कालवणाला फोडणी दे. मीठ टाक. उतरव." ती मोरीपासून चिरायच्या फळीकडे, फळीपासून शेगडीकडे, तीन हात जागेत फिरत होती. दिराला म्हणाले, "कॅन घ्या आणि चला." ते बाहेरच्या दारानं कॅन घेऊन गेले आणि आले. आम्हा दोघींचा एकमेकींना साधा पदरही लागला नाही.

मामांनी फिरवलेलं तोंड इकडे वळवलं. मग विचारलं, "मधी भित न्हाई ना येनार?"

"न्हाई, मामा."

"मंग बांदा." ते उठले आणि दोघा मुलांना घेऊन वाळू बघायला बाहेर गेले. मी फळीला टेकले. जिंकले होते मी, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

जाऊ मात्र तिच्या ओट्यापाशी तशीच उभी होती, भाजल्याचा डाग असलेला हात पातेल्यावर ठेवून.

"ताई, मी काल ह्या वट्यावर मनातल्या मनात माझे डबे लावले."

"कसले डबे?"

"माझे. मला वाटलं, तुमी खरंच वेगळं काढताय. तोंडानं सांगायला जड जातं म्हणून फक्कीनं सांगितलंत." तिनं पातेलं थोडं पुढे सरकवलं. "मला बरं वाटलं हुतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिचा हात बांधलेला होता तेव्हा हिची वेणी मी घातली, हिला घास मी भरवला. कालपासून सासऱ्यांशी, नवऱ्याशी, अख्ख्या गावाशी भांडत होते ती हिच्या हातासाठी. "काय कमी केलं गं मी तुला?"

"कमी न्हाई केलं," ती हळूच म्हणाली. "आता बघा ना, शेगडीत जाळ न्हाई, पातेल्यात कालवण न्हाई. तरी मीठ कधी टाकायचं ते तुमीच सांगितलं."

 दोन-चार उत्तरं सुचली, पण सगळी घाण होती, म्हणून गिळली. तिला म्हणावंसं वाटलं की जा, मांड तुझं खुशाल. आणि त्याच वेळी वाटलं, ही गेली तर या घरात मी बोलू कुणाशी.

तेवढ्यात गवंडी आला, मागून मामा आणि दोघे भाऊ. गवंड्यानं टेप काढला. "वैनी, वट्याची उंची किती धरू? दोन्ही सारखेच ना?"

मी उंच. जाऊ माझ्या खांद्याला लागते. दोन्ही ओटे माझ्या कमरेच्या मापानं मी केव्हाच धरले होते, ते सांगायला तोंडही उघडलं. मग मिटलं.

"हा माझ्या मापानं," मी म्हणाले आणि खिडकीखाली माझ्या कमरेपाशी रेघ मारून घेतली. "त्या वट्याचं तिला विचारा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती भिंतीला लागून उभी राहिली आणि कमरेपाशी हात धरला. गवंड्यानं तिथे पेन्सिलीची रेघ मारली. माझ्या रेघेपेक्षा चांगली वीटभर खाली.

मामा त्या दोन रेघा बघत राहिले. शेतकरी माणूस, बांध कुठे पडतो ते त्यांना कुणी सांगावं लागत नाही.  आत्ताच मी त्यांना न्हाई म्हणून सांगितलं होतं.

"मंग माझं ताट कुनाकडं?" त्यांनी विचारलं. रात्रीसारखं नाही, हळू.

मी जावेकडे बघितलं. आजवर मामांच्या पुढ्यात ती कधी आपणहून बोलली नव्हती.

"सकाळचं माझ्याकडं, मामा," ती म्हणाली. 

"रातचं माझ्याकडं," मी म्हणाले. 

दीर मालकांकडे बघत होते, मालक जमिनीकडे. मामा सावकाश गोणीवर बसले. "मधी भित नगं," म्हणाले, "एवढं करा." मग गवंड्याला हातानंच खूण केली, की लाग कामाला.

जाऊ जुन्या घरी गेली आणि सगळ्यांना चहा घेऊन आली. मला न विचारता केलेला. आलं इतकं घातलं होतं की मी जन्मात घातलं नसतं. मामांनी दोन कप घेतले. मी एक घेतला. घसा जळत होता, तरी सगळा प्यायले.