पदरात बांधलेली खुंटी

आज गिरीज गावातलं आमचं स्लॅबचं घर मशीनने पाडलं. सिमेंटची धूळ घशात गेली आणि ते बांधायच्या आधीची, सत्तरच्या दशकातली एक सकाळ आठवली. त्याच जागेवरचं जुनं सागवानी घर सुतार उकलत होता. सांध्यांतल्या लाकडी खुंट्या तो हलक्या हाताने ठोकून काढी आणि प्रत्येक खांबावर, तुळईवर पटाशीने खूण करी. तो सांगाडा राजोडीच्या एकाने विकत घेतला होता; तिथे तो तसाच पुन्हा उभा राहणार होता.

आईने आठवण म्हणून एक खुंटी पदरात बांधली. सुताराने हात पुढे केला.

"बाय, ती दे. तिच्यावाचून तिथं घर उभं राहायचं नाय."

आईने गाठ सोडली.

आज मी ढिगाऱ्यातला काँक्रीटचा एक तुकडा उचलून खिशात टाकला. मला कुणी हटकलं नाही.