चढावर काका, उतारावर व्याही

आमच्या काकांचे पाय कसे घडले हे समजून घ्यायचं तर आधी त्यांचं काम समजून घ्यायला हवं. काका लिफ्ट दुरुस्त करतात. ज्या इमारतीतून त्यांना बोलावणं येतं, त्या इमारतीतली लिफ्ट बंद असते. चालू असती तर बोलावलंच नसतं. लिफ्टचं यंत्र बहुतेक ठिकाणी गच्चीवरच्या खोलीत असतं. म्हणून हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून काका जिन्याने वर जातात. लिफ्ट दुरुस्त झाली की ती नीट चालते का हे बघायला तिच्यातच उभे राहून खाली येतात. अर्धं आयुष्य असंच गेलं. चढले जिन्याने, उतरले लिफ्टने. त्यामुळे काका कितीही मजले धाप न लागता चढू शकतात, आणि स्वतःच्या जोरावर खाली येण्याचा त्यांना जवळजवळ अनुभव नाही.

सायकल त्यांच्या आयुष्यात आली ती निव्वळ भिडेपोटी.

काकांची मुलगी, म्हणजे आमची ताई, लग्न होऊन गेली आणि काकांना व्याही मिळाले. व्याह्यांची बेकरी आहे. माणूस चांगला भरदार, पण आवाज एवढा मऊ की हिशेबात चुकलेल्या नोकरालाही ‘जरा बघता का’ म्हणणार. पहिल्या भेटीत दोघे सोफ्याच्या दोन टोकांना बसून हवेबद्दल बोलले. दुसऱ्या भेटीतही हवेबद्दलच बोलले, आणि मधल्या काळात हवा काही बदलली नव्हती. तिसऱ्या भेटीत शांतता फार लांबली तेव्हा व्याही म्हणाले, “मी रविवारी डोंगरात सायकल चालवायला जातो.”

“वा,” काका म्हणाले. “मलाही फार आवड आहे.”

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि काकांकडे बघून परत आत गेल्या. काका शाळा सुटल्यापासून सायकलवर बसले नव्हते. पण मुलीच्या सासऱ्यांना ‘मला त्यात काही रस नाही’ असं तोंडावर कसं सांगणार? पुढच्या रविवारी सकाळी दारात व्याही उभे होते, सोबत दोन माउंटन बाइक. एक त्यांची आणि एक जास्तीची.

काकांनी पहिल्याच दिवशी टेकडी चढून दाखवली. व्याही मागे राहिले. वर पोचल्यावर काकांना सायकल आवडलीसुद्धा. मग उतार आला आणि काका खाली उतरून सायकल हातात धरून चालू लागले. व्याह्यांनी पाहिलं, पण हसले नाहीत. उलट म्हणाले, “बरोबर आहे, पहिल्या दिवशी सांभाळूनच.”

दुसऱ्या वर्षीही काका सांभाळूनच होते.

म्हणजे आता ते चालत उतरत नव्हते. सायकलवर बसून, दोन्ही ब्रेक करकचून दाबून उतरत. मी इंजिनिअरिंग शिकलोय, म्हणून एकदा त्यांना समजावायला गेलो. म्हटलं, “काका, चाक फिरत राहिलं तरच ते वळतं. ब्रेक दाबून ठेवला की चाक घसरतं. उलट जास्त धोका.”

“तू लिफ्टचा ब्रेक पाहिलायस?” काकांनी विचारलं.

“नाही.”

“तो कायम लागलेलाच असतो. वीज येते तेवढाच वेळ तो सुटतो. वीज गेली की परत लागतो. म्हणून माणसं जिवंत राहतात.”

“पण ही सायकल आहे.”

“हिला वीजसुद्धा नाही,” काका म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

व्याही दरवर्षी एका शर्यतीत उतरायचे. पन्नाशीपुढच्यांची, जोडीने करायची सायकल शर्यत. नियम असा की जोडीतल्या दोघांनी प्रत्येक चेकपॉइंटवर एकमेकांच्या दोन मिनिटांच्या आत पोचायचं आणि ठरल्या वेळेत शर्यत संपवायची. एकट्याने पुढे पळून उपयोग नाही. व्याह्यांचे जुने जोडीदार दातांचे डॉक्टर होते. त्यांचा गुडघा दुखावला, तेव्हा व्याह्यांनी काकांना विचारलं. खरं म्हणजे विचारायचं म्हणून विचारलं. काकांनाही नाही म्हणायचं होतं. पण व्याह्यांनी एवढ्या आपुलकीने विचारल्यावर नाही कसं म्हणणार? ते हो म्हणाले. झालं.

पहिल्या वर्षी त्यांना तिसऱ्या चेकपॉइंटवर थांबवलं, वेळ संपली म्हणून. दुसऱ्या वर्षीही तिथेच. निकालात त्यांच्या पुढे ‘अपूर्ण’ छापून आलं. याआधी व्याह्यांच्या नावापुढे हा शब्द कधी आला नव्हता. ते काकांना म्हणाले, “अहो, मजा आली ना, तेच महत्त्वाचं.” काका म्हणाले, “हो, मजा आली.” घरी येऊन काका दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. नेहमीच्या गप्प बसण्यापेक्षा हे वेगळं आहे हे फक्त काकूंना कळलं.

तिसऱ्या वर्षी ताईचा फोन आला. “बाबा, एक सांगू? त्या दातांच्या डॉक्टरांचा गुडघा बरा झालाय. ते सारखे विचारतायत, या वर्षी आपण जाऊ या का म्हणून. पण सासरे तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत. सासूबाईंना म्हणाले, ‘वाईट दिसेल.’”

काकांनी फोन ठेवला. मग काकूंना म्हणाले, “या वेळी पूर्ण झाली नाही तर मीच सोडतो. त्यांना मोकळं करतो.”

“मग उतरायला शिका की,” काकू म्हणाल्या.

“उतरायचं काय शिकायचं? माणूस आपोआप उतरतो.”

आणि ते चढायचा सराव करायला गेले. हे मला आजवर कळलेलं नाही. जे येतं त्याचाच माणूस सराव करतो. सकाळी कामाआधी टेकडी, संध्याकाळी कामानंतर टेकडी. ‘यांना वर जायची फार घाई झालीये,’ असं काकू शेजारणीला म्हणाल्या आणि मग स्वतःच जीभ चावली.

शर्यतीच्या दिवशी आम्ही शेवटच्या रेषेपाशी थांबलो होतो : काकू, ताई आणि मी. वर डोंगरात जे घडलं ते आम्ही पाहिलं नाही. ते मला सांगितलं झेंडेवाल्या बाईंनी. या बाई लाल झेंडा पाठीला लावून सगळ्यांत शेवटच्या जोडीच्या मागून सायकलवर येतात आणि मार्ग बंद करत जातात. त्या दिवशी अर्थातच त्या काकांच्या मागे होत्या.

पहिला चढ काका वाऱ्यासारखे चढले. वर पोचून बघतात तर व्याही अजून खालच्या वळणावर, लालबुंद. दोन मिनिटांचा नियम होता, म्हणून काका थांबले. पण ‘तुमच्यासाठी थांबलोय’ असं दिसलं तर व्याह्यांना ओशाळल्यासारखं होईल. म्हणून ते खाली वाकून बुटाशी खटपट करू लागले. व्याही आले. “आलोच, आलोच. तुम्ही व्हा पुढे.”

“छे हो, नाडीच सुटली होती.”

पुढे उतार. व्याही झोकात खाली गेले. वजनाचा असा उपयोग होतो. खाली थांबून ते सायकलच्या चेनकडे बघत बसले. वरून काकांच्या ब्रेकचा किरकिर आवाज बराच वेळ येत राहिला. काका पोचले तेव्हा व्याही म्हणाले, “चेन जरा पडली होती. बरं झालं, तुम्ही घाई केली नाहीत.”

असे दोन डोंगर झाले. झेंडेवाल्या बाई म्हणाल्या, “एवढी सभ्य माणसं मी शर्यतीत पाहिली नाहीत. एवढी हळूही नाहीत.”

तिसऱ्या चेकपॉइंटच्या आधी एक लांब, दगडगोट्यांचा उतार आहे. दोन्ही वर्षं वेळ तिथेच गेली होती. व्याही खाली पोचले. चेन पाहून झाली, पुसून झाली. वरून किरकिर ऐकू येत होती, पण ती जवळ येत नव्हती. व्याह्यांनी घड्याळ पाहिलं. मग सायकल आडवी टाकली आणि तो सगळा उतार पायी चढून परत वर आले. त्यांच्यासारख्या देहाला हे सोपं नाही. वर पोचेपर्यंत तीन वर्षांचं सगळं साठलेलं तोंडाशी आलं होतं.

“काय करताय तुम्ही?” ते ओरडले. बाई सांगतात, आवाज मुळीच मऊ नव्हता.

काका दचकले. “उतरतोय.”

“याला उतरणं म्हणतात? अहो, सोडा तो ब्रेक! तीन वर्षं झाली, मी खाली उभा राहून चेन पुसतोय! माझी चेन आजवर एकदाही पडलेली नाही!”

“आणि माझ्या बुटांना नाडीच नाही!” काकाही तापले. “पट्टी आहे, पट्टी! कुणासाठी वाकून बसतो मी दर चढावर?”

“मग तसं बोलायचं ना!”

“तुम्ही बोललात?”

बाई थोड्या अंतरावर झेंडा सावरत उभ्या राहिल्या. मध्ये पडावं की घड्याळ दाखवावं हे त्यांना ठरवता येईना.

“तुमच्या लिफ्टही अशाच चालत असतील,” व्याही म्हणाले. “म्हणून माणसं अडकतात आत!”

एवढं बोलून ते वळले आणि धडधडत खाली निघाले. पायीच, पण त्यांचं वजन त्यांच्या बाजूने होतं. खाली सायकल उचलली आणि पुढे सुटले.

काकांना तुम्ही काहीही म्हणा. भित्रा म्हणा, हट्टी म्हणा, ते मान हलवतील. पण लिफ्टबद्दल नाही.

“माझ्या लिफ्टमध्ये आजवर—” काकांनी सुरुवात केली. पण ऐकणारा वळणापलीकडे गेला होता. वाक्य पुरं करायचं तर त्याला गाठायला हवं होतं. काकांनी गाठायला सुरुवात केली. ब्रेक कधी सुटले हे त्यांनाही माहीत नाही. बाई म्हणतात, सगळा उतार ते ओरडत गेले. आधी वाटलं घाबरून ओरडतायत. मग ऐकू आलं की त्यात तारखा आणि इमारती आहेत.

तिसरा चेकपॉइंट वेळ संपायच्या जरा आधी पार झाला. तिथली माणसं टेबल आवरू लागली होती, ती परत खाली बसली.

आता शेवटचा चढ. काका पुढे होते आणि राग ताजा होता. ते मागे बघून म्हणाले, “एक सांगू? तुमचा पाव आतून कच्चा असतो. लग्नापासून सांगायचं राहिलंय.”

“काय?” खालून आवाज आला.

“कच्चा! चिकट! आम्ही परत भाजून खातो!”

व्याही तो चढ ज्या वेगाने चढले, तसे ते याआधी कधी चढले नव्हते. नंतरही नाहीत.

आम्ही खाली उभे होतो. हवा भरून उभी केलेली मोठी कमान रेषेवर डुलत होती. सगळ्या जोड्या आल्या असं समजून कुणीतरी तिचा पंखा बंद केला. कमान हळूहळू वाकू लागली. तेवढ्यात मैदानाच्या टोकाला दोन सायकली दिसल्या, आणि त्यांच्या आधी आवाज.

“भट्टी किती तापते हे तुम्हाला काय ठाऊक?”

“कच्चा म्हणजे कच्चा!”

“थांबा, पंखा लावा!” ताई किंचाळली. पंखेवाला गडबडीने वळला, पण एवढी मोठी कमान काही क्षणात उभी राहत नाही. व्याही डोकं खाली घालून कसेबसे तिच्याखालून निघाले. मग कमान बसली, थेट काकांवर. सायकलसकट काका कापडाच्या आत गेले. कापडाला एक फुगवटा आला, तो थोडा पुढे सरकला आणि आडवा झाला.

रेषेवरच्या नोंदणीवाल्या मुलीने कापडाची कड उचलून आत पाहिलं. “पुढचं चाक रेषेवरून गेलंय,” ती म्हणाली. “वेळेत आहे. पूर्ण.”

व्याह्यांनी काकांना कापडातून ओढून बाहेर काढलं. दोघे गवतावर बसले. काकांचं कोपर सोललं होतं. काकू पाणी घेऊन गेल्या, तर दोघे दोन दिशांना तोंड करून बसलेले. मला वाटलं, सोयरीक गेली.

दातांचे डॉक्टर त्या वर्षी नुसतेच बघायला आले होते. ते व्याह्यांपाशी गेले, पाठीवर थाप मारली. “अभिनंदन! गुडघा एकदम ठीक आहे माझा. पुढच्या वर्षी मग आपण?”

काका आपलं कोपर बघू लागले. कोपरात बघण्यासारखं फारसं नव्हतं.

“नाही जमणार,” व्याही म्हणाले. आवाज परत मऊ झाला होता. “यांना आणि मला अजून बरंच बोलायचंय. सपाटीवर ते निघत नाही.”

डॉक्टर आपल्या गाडीकडे गेले.

“कच्चा म्हणजे मधोमध, की सगळीकडेच?” व्याह्यांनी विचारलं.

“मधोमध,” काका म्हणाले. “कडा चांगल्या असतात.”