जतच्या माळावरचा म्होरक्या

माझ्या नवऱ्याने आयुष्यात कुणाला अरे-तुरे केलेलं नाही. कोयनानगरच्या वसाहतीत भूकंपाचा धक्का बसला, तरी हा शेजाऱ्यांचं दार वाजवून आधी "जरा त्रास देतो" म्हणायचा आणि मग त्यांना बाहेर काढायचा. निवृत्तीनंतर आम्ही कराडजवळ मलकापूरला आलो, आणि तिथे या माणसाला दरोडेखोरांच्या टोळीचा म्होरक्या करण्यात आलं. कारण एकच, मिशा.

म्होरक्या करणारा आमच्या खालच्या मजल्यावरचा, लग्नांचे व्हिडिओ काढणारा गृहस्थ, आता सिनेमाचा दिग्दर्शक. त्याने मोबाईलवर कुठलासा जुना इंग्रजी सिनेमा पाहिला होता. घोड्यांवरचे दरोडेखोर, ओसाड गाव, आणि सगळं थोडक्या पैशांत उरकलेलं.

"काकू, त्यांनी एका टेकडीवर आख्खा पिच्चर काढला. आपल्याकडं तर जतपर्यंत माळच माळ हाय!"

आपल्या सिनेमाचं इतकी वर्षं माळावाचूनच अडलं होतं, असा त्याचा सूर होता.

महिनाभर आमच्या घरात क्रौर्याचा सराव चालला. नवरा आरशासमोर डोळे बारीक करून उभा राहायचा. एकदा जेवताना एकदम गरजला, "पाणी आण!" मी नुसतं बघितलं. "म्हणजे, मी उठतोच आहे," असं म्हणून तो दोघांसाठी पाणी घेऊन आला.

शूटिंगला आम्ही एका जीपमधून जतकडे निघालो. मी जेवणखाण सांभाळायला. टोळीत आणखी दोघे, एक जिमचा मास्तर आणि एक ट्रॅक्टर मेकॅनिक. टोप्या महाबळेश्वरच्या, पर्यटक फोटोपुरत्या घेतात तसल्या. घोडी मात्र एकच, वरातीची. तिघं आळीपाळीने तिच्यावर बसून माळावरून गेले. पडद्यावर तिन्ही घोड्यांच्या कपाळाला एकच पांढरा ठिपका दिसतो. मागे पवनचक्क्या फिरत होत्या. "कंप्युटरवर पुसून टाकतो," दिग्दर्शक म्हणाला. त्या सिनेमात अजून फिरताहेत.

मुख्य प्रसंग एका धनगर कुटुंबाच्या घरी होता. म्होरक्या लाथ मारून दार उघडतो आणि घरातल्या म्हातारीवर बंदूक रोखतो. म्हातारी खरोखरच त्या घरातली. तिला फक्त घाबरायचं होतं.

"व्हय, घाबरते की," ती म्हणाली.

पहिल्यांदा नवऱ्याने लाथ मारण्याआधी कडी वाजवली. दुसऱ्यांदा लाथ मारली, ती इतकी अलगद की दार हललंच नाही. तिसऱ्यांदा दार उघडलं, बंदूक रोखली गेली, आणि म्हातारी म्हणाली, "आवं, उन्हातनं आलायसा. आदी पानी घ्या."

माझ्या नवऱ्याने टोपी काढली. "राहू द्या आजी, तुम्हाला कशाला त्रास?"

"आजी, तुमाला घाबरायचं हाय!" दिग्दर्शक ओरडला.

"ह्येला?" म्हातारीने नवऱ्याकडे बोट केलं. "ह्यो कोंबडी तरी हुसकील का?"

दिवस कलायला लागला. घोडीवाल्याला संध्याकाळची वरात गाठायची होती. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला आणि समोर जे घडेल ते टिपून घेतलं. त्यामुळे आमच्या सिनेमात ती क्रूर टोळी गावात शिरते, ओसरीवर रांगेत बसून बाजरीची भाकरी आणि ठेचा खाते, ताटं विसळते आणि निघून जाते.

पुढे कराडला हॉल घेऊन खेळ लावला. पहिल्या प्रसंगापासून लोक हसत सुटले. जिमचा मास्तर मध्येच उठून गेला. नवरा शेवटपर्यंत ताठ बसला होता. मी त्याचा हात धरला. बाहेर एका ओळखीच्याने त्याची पाठ थोपटली. "लय हसवलंसा राव!" नवऱ्याने त्याचे आभार मानले, पण घरी येताना रिक्षात तो पुढे, चालकाशेजारी बसला. मीही हसले होते, आणि ते त्याला ऐकू गेलं होतं.

दिग्दर्शकाने जाहिरातीत 'धमाल विनोदी' असे शब्द घातले आणि आपला हेतू पहिल्यापासून तोच होता, असं भेटेल त्याला सांगू लागला. पंधरा दिवसांनी तो वर आला. आता एका देवस्थानच्या माहितीपटात सात्त्विक पुजाऱ्याचं काम होतं.

"काका, तुमचा चेहराच तसला हाय. फकस्त हसायचं."

नवऱ्याने त्याला खुर्ची दिली, चहा दिला, बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"माफ करा," तो म्हणाला, "पण मी फक्त खलनायकच करतो."