बारा लाकडं आणि दोन कोऱ्या चिठ्ठ्या

गेल्या सोमवारी मुंबईच्या म्युझियममध्ये माझी चांगलीच फजिती झाली... आणि त्याच खोलीत, तासाभरातच, माझी मान ताठही झाली. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा लिहून वाचनालयाच्या दारावरच लावतो म्हटलं.

खालापूरच्या लाकडांच्या डेपोत मी हंगामी कारकून आहे, हे तुम्हांला माहीत आहेच. आपल्या जंगलातल्या बारा झाडांच्या लाकडाचे नमुने म्युझियमनं मागवले होते आणि ते पोचवायचं काम माझ्याकडे आलं. शाळा चौथीत सुटलेली... त्यामुळे एक चूक झाली की नोकरी गेली, ही धास्ती मला रोजचीच.

म्हणून प्रत्येक नमुन्याची चिठ्ठी मी तीनतीनदा लिहिली. चिठ्ठ्या चिकटवायला तांदळाची खळही घरीच शिजवली. आमचे बा सुतार आहेत, ते ओटीवरून बघत होते. म्हणाले, "खळीत मोरचूद टाक रं जरा. किडं खातील कागद."

मोरचुदानं कागदाला निळसर डाग पडतो, आणि मला डाग नको होता. "बा, म्युझियमचं काम आहे हे."

"मग म्युझियमात किडं नसतात काय रं?"

मी मोरचूद न टाकताच चिठ्ठ्या चिकटवल्या. लाकडांवर आकडे कोरून ठेवायचंही सुचलं होतं, पण तासून गुळगुळीत केलेल्या लाकडावर ओरखडा नको वाटला... माझा नीटनेटकेपणा मला कुठे घेऊन जाणार होता ते तेव्हा कळलं नाही.

मुंबईहून परवानगीचं पत्र यायला उशीर झाला. पेटी पंधरा दिवस डेपोच्या खोलीत पडून राहिली. शेवटी बैलगाडीनं कर्जत, तिथून रेल्वे, मग घोड्यांची ट्राम... पेटी मी मांडीवरून खाली ठेवली नाही.

म्युझियम म्हणजे काय सांगू! पेंढा भरलेला वाघ, छताला टांगलेली मगर, बाटलीत वेटोळं करून बसलेला नाग. आपल्याकडचं शेकरूसुद्धा होतं, अगदी उडी मारायच्या बेतात.

पण खरं सांगतो, मी प्राण्यांच्या आधी त्यांच्या चिठ्ठ्या बघत होतो. फुलपाखराखालची चिठ्ठी नखाएवढी, आणि तिच्यावरही अक्षर कसं सरळ... इथे माझं अक्षर लागणार, म्हणून त्या अक्षराची वळणं मी बोटानं हवेत गिरवून बघितली.

तिथल्या हेडक्लार्कसमोर पेटी उघडली. आत एकही चिठ्ठी नव्हती. कागदाचा भुगा होता, आणि चार लठ्ठ झुरळं.

हेडक्लार्क वाकून बघत म्हणाले, "अहो खालापूरकर, आम्ही लाकडं मागवली होती. प्राणी आमच्याकडे पुष्कळ आहेत!"

मी भुगा चाळून बघितला, एक अख्खं अक्षर सापडेना. नावांची यादी खिशात होती, पण बारा नावं आणि बारा तुकडे... कोणाचं नाव कोणतं? असाच परत गेलो असतो तर डेपोत दुसऱ्या दिवशी मला कोणी बसू दिलं नसतं.

डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात एक वास आला. सागाचा. बांच्या अंगाला रोज संध्याकाळी तोच वास असतो.

डेपोत मी हे तोवर कोणाला सांगितलं नव्हतं, पण शाळा सुटल्यावर तीन वर्षं मी बांच्या हाताखाली रंधा मारलाय. कारकून झाल्यावर ते लपवत आलो. त्या दिवशी मात्र हात आपोआप चालायला लागले...

नख उमटेना तो धावडा. पिसासारखा हलका तो पांगारा. एका लाल तुकड्याला चक्क जीभ लावली, तुरट लागला... खैर! हेडक्लार्क आ वासून बघत होते. दहा लाकडं ओळखली, दहा चिठ्ठ्या तिथेच बसून लिहिल्या.

उरले दोन तुकडे, दोन्ही पिवळट. एक हेद, एक कळंब. कितीदा हुंगले, हातात तोलले... खात्री होईना.

"लिहून टाका हो," हेडक्लार्क म्हणाले. "काचेच्या कपाटात जाणार. कोण चाटून बघतंय?"

पेन दोनदा दौतीत बुडवलं, पण हात पुढे जाईना. त्या दोन चिठ्ठ्या मी कोऱ्याच ठेवल्या.

इतक्यात म्युझियमचे साहेब आले. त्यांना मराठी चांगलं येत होतं. मी झुरळांसकट सगळं सांगून टाकलं. त्यांनी दहा चिठ्ठ्या वाचल्या, मग त्या दोन हातात घेतल्या. "या कोऱ्या का?"

"खात्री नाही, साहेब."

ते हेडक्लार्ककडे वळून म्हणाले, "या दोन कोऱ्या आहेत, म्हणून उरलेल्या दहांवर माझा विश्वास बसतो."

मग मला विचारलं, हे कोणी शिकवलं? मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी. सुतार आहेत ते." इतक्या मोठ्यानं म्हणालो, की वाघाजवळची माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

साहेबांनी दोन्ही तुकड्यांच्या चकत्या कापून, खुणा करून माझ्याबरोबर दिल्या. घरी बांनी रंधा फिरवला, ढलपी नाकाला लावली. "ह्यो हेद, ह्यो कळंब. फणी हेदाची करतो आपण, इसरलास काय रं?" नावं त्याच दिवशी टपालानं पाठवली. डेपोतही सगळं खरं सांगितलं... नोकरी शाबूत आहे.

म्युझियमचं उत्तर काल आलं. बाराही लाकडं कपाटात लागली आहेत. पत्र बांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं, मग म्हणाले, "बरं, आणि मोरचूद?"

मित्रहो, वाचनालयाच्या दारावरच्या या कागदाच्या कडा निळसर दिसत असतील. तो डाग नाही... आमच्या बांनी सांगितलेली खळ आहे ती.