दगडापाशी थांबणारे व्याही

पनवेलहून उरणला जायला बैलगाडीपेक्षा जास्त वेळ मोटारीने लावणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. गंमत म्हणजे सगळी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर गाड्या वेळेवर सोडण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर मात्र स्वतः एकदाही कुठे वेळेवर पोचले नाहीत. कारण रस्त्याकडेला कुठे स्मृतिस्तंभ, कोरीव दगड, 'या ठिकाणी अमुक घडले' असा गंजका फलक दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. मग ते उतरतात, डिकीतून काथ्याचा ब्रश आणि पाण्याचा कॅन काढतात, मूळव्याधीच्या जाहिरातीची पत्रकं खरवडून काढतात, मजकूर मोठ्याने वाचतात आणि मला म्हणतात, "कळलं का?" मी मुलीचा बाप. मला कळावंच लागतं.

माझ्या मुलीच्या लग्नातही त्यांनी हेच केलं. मुहूर्ताला पाच मिनिटं उरली, अंतरपाट धरला, भटजी तिसऱ्यांदा घड्याळ बघू लागले आणि वरपित्याचा पत्ताच नाही. अखेर आले ते कोपरापर्यंत ओले, रेशमी झब्ब्यावर शेवाळ. विहीणबाईंनी नुसतं पाहिलं. हे शांतपणे म्हणाले, "स्तंभावर कुणीतरी पिचकारी मारली होती. ती तशीच सोडून अक्षता टाकायला कसं येणार?" एकदा एका सरकारी फलकावर 'हुतत्मा' लिहिलेलं दिसलं, तर हे रंगाची डबी घेऊन शिडीवर चढले. हवालदाराने हटकलं, "ओ काका, सरकारी बोर्डावर काय लिहिताय?" "लिहीत नाही, काना देतोय," हे वरूनच म्हणाले. हवालदाराने वाचून पाहिलं आणि निमूटपणे शिडी धरली.

त्यांचा सगळ्यांत जास्त जीव होता तो चिरनेरच्या अलीकडच्या एका गावाच्या वेशीवरच्या दगडावर. जंगल सत्याग्रहाला त्या गावातून गेलेल्या पाच जणांची नावं त्यावर कोरलेली. चिरनेरच्या मोठ्या स्मारकावर पुष्पचक्रं येतात, पाहुणे येतात; या दगडाला व्याह्यांखेरीज कुणी नव्हतं. निदान त्यांची तशी समजूत होती.

गेल्या हिवाळ्यात रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि एका सकाळी त्यांचा फोन आला. "व्याही, दगड नाही." एवढंच बोलले. मी तसाच निघालो. जागेवर नुसता लाल मातीचा खड्डा होता. कामावरच्या मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, "अंकल, सब मलबा द्रोणागिरी साइड गया. उधर गोदाम का भराव चल रहा है."

उरणजवळच्या द्रोणागिरीला त्या भरावावर आम्ही दोघं म्हातारे भर दुपारी दगड उलथत फिरलो. एका बाजूने डंपर रिकामे होत होते, दुसऱ्या बाजूने रोलर फिरत होता. रोलरखाली काय गेलं ते कोण सांगणार? तासाभराने व्याही एका ढिगावर बसले. "नावं मला पाठ आहेत हो," ते म्हणाले, "पण मी गेल्यावर?"

परतताना वाटेत दोन फलक आले आणि गेले. गाडीचा वेग कमी झाला नाही. इतकी वर्षं मी या थांबण्याला कंटाळलो होतो, पण त्या दिवशी गाडी थांबली नाही तेव्हा मला खरोखर भीती वाटली. मीच म्हटलं, "त्या दगडाच्या गावात चहा घेऊ."

टपरीवर मी उगाच दगडाचा विषय काढला. बाकावर बसलेल्या एका आजींनी मान वर केली.

"तो नावाचा दगुड ना? आमच्या पडवीत हाय."

व्याही चहा तसाच ठेवून उठले.

"त्या मशिनवाल्याला बोल्ली, थांब रं, माज्या आजेसासऱ्याचं नाव हाय त्याच्यावर. गावातल्या पोरांनी टेंपोत घालून आनला. आमी काय टाकून देनार हाय का?"

पडवीत कणगीशेजारी दगड उभा होता. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, सगळं काही. एरवी दगडाला कुंकू दिसलं की व्याही अक्षरं बुजतात म्हणून चिडतात. त्या दिवशी त्यांनी दगडावर हात ठेवला, खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी दुसरीकडे पाहिलं. छातीवरचं ओझं माझ्याही उतरलं होतं. आजी मात्र गडबडल्या. "आवो, रडताव कनाला? हाय ना दगुड!"

रस्ता झाल्यावर ग्रामपंचायतीने नव्या कडेला चौथरा बांधून दगड पुन्हा उभा केला. अक्षरांत रंग भरताना शेवटच्या नावापाशी पेंटर अडला. तिथे नुसतं 'धर्मा' शिल्लक होतं; पुढचं सगळं कधीच झिजलेलं, व्याह्यांनाही तेवढंच पाठ होतं. कुणी म्हणालं, अंदाजाने काहीतरी भरा. व्याही म्हणाले, "नाही. माहीत नाही ते माहीत नाही." आठवडाभर ते घरोघर विचारत हिंडले. धर्मा कोणाचा, ते कुणालाच सांगता आलं नाही.

उभारणीच्या दिवशी एकेक नाव वाचलं गेलं आणि त्या त्या घरच्या माणसाने पुढे येऊन नारळ फोडला. चार नारळ फुटले. पाचवं नाव वाचलं आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"ह्याचा कोन नाय आला?" आजींनी विचारलं.

व्याह्यांनी चपला काढल्या, पुढे झाले आणि म्हणाले, "मी आलोय."